चिंचोक्यांचा कर, स्वस्त चहा आणि तीन-पंचमांश माणसं

इतिहासाचा तास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध शिकवताना वर्गात करवसुलीचा खेळ घेतला. मुलं रंगली, पण पेपरात सगळ्यांनी ‘इंग्रजांनी जबर कर लादले म्हणून वसाहती पेटल्या’ एवढंच लिहिलं. – शिक्षिका, कोथरूड

खेळातला कर जड झाला असणार. वाटलेल्या दहा चिंचोक्यांपैकी सहा करापोटी काढून घेतले की मुलं लुटीवर चिडतात आणि तेच पेपरात उतरतं. १७६५ च्या मुद्रांक कायद्यात भांडण रकमेपेक्षा हक्काचं होतं : आमचा एकही प्रतिनिधी नसलेली लंडनची पार्लमेंट आमच्यावर कर बसवणारी कोण?

म्हणून दर एकच चिंचोका ठेवा. दहा-दहाच्या पुड्या आदल्या दिवशीच बांधा. साठ मुलांत चिंचोके मोजून वाटायचे तर निम्मा तास तिथेच जातो. पाच मुलांची ‘पार्लमेंट’ व्हरांड्यात बसवा. कशावर कर, हे तिने चिठ्ठीवर लिहून पाठवायचं. मूळ कर वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद, पत्ते यांवर होता, त्यामुळे वही उघडणं, कागद फाडणं असलेच कर घ्या. वसुलीदार दुसऱ्या रांगेतले नेमा, नाहीतर मित्रांना सूट मिळते. राजा नकोच. ती भूमिका वर्गातल्या विदूषकाकडे जाते आणि कायदा पार्लमेंटने केला होता हे हरवतं.

आठ मिनिटांनी दुसरी फेरी. आता प्रत्येक रांगेने एक प्रतिनिधी निवडून व्हरांड्यात पाठवायचा, दर तोच. कुरकुर बहुधा कमी होते. मग विचारा : चिंचोका तेवढाच गेला, मघाशी राग कशाचा होता? या चर्चेला बारा मिनिटं राखून ठेवा. खेळ लांबला तर फेरी कापा, चर्चा नको.

प्रश्न : चहा महागला म्हणून बॉस्टनमध्ये पेट्या समुद्रात टाकल्या ना? स्नेहसंमेलनात नाटिका बसवतोय. – शिक्षक, सदाशिव पेठ

उलट, १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्तच होणार होता. कंपनीला वसाहतींत थेट विक्रीची मुभा मिळाली, पण पौंडभर वजनाच्या चहामागे तीन पेन्सचा जुना कर कायम राहिला. स्वस्त चहा घेतला की पार्लमेंटचा कर मान्य केल्यासारखं होणार, ही एक भीती. स्थानिक व्यापारी आणि चोरटा चहा विकणारे यांचा धंदा बुडणार, ही दुसरी. नाटिकेत एक व्यापारी हवाच. आणि पेट्यांवर ‘आसाम’ लिहू नका, तो चहा चीनचा होता.

पुण्यातल्या मुलांसाठी भिंतीवर दोरी बांधा, वर्षाला एक वीत. वर अमेरिका, खाली आपण : १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून, डिसेंबरमध्ये बॉस्टन; १७७६ च्या मार्चमध्ये मराठे-इंग्रजांचा पुरंदरचा तह, जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा; १७८१ यॉर्कटाउनला इंग्रज सैन्याची शरणागती, १७८२ मराठे-इंग्रजांचा सालबाईचा तह. शेजारी टाचलेल्या कार्डांत मुलं लगेच कार्यकारण शोधतात. ‘पुरावा दाखव’ म्हणा.

प्रश्न : गुलामगिरीच्या धड्यासाठी लिलावाचा प्रवेश करून घ्यावा का? – शिक्षिका, हडपसर

नको. कुणीतरी हसतं, कुणाचा तरी अपमान होतो, आणि मुद्दा कळत नाही तो नाहीच. त्याऐवजी गणित द्या. १७८७ च्या अमेरिकी राज्यघटनेत प्रत्येक राज्याच्या प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची तीन-पंचमांश मोजणी होती. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या ७,४७,६१०, त्यात गुलाम २,९२,६२७. स्वतंत्र माणसं अधिक गुलामांचे तीन-पंचमांश, भागिले ३३,००० (इतक्या माणसांमागे एक जागा) : उत्तर १९ जागा. गुलाम वगळून केलं तर १३. सहा जागांचा फरक फळ्यावर दिसला की वर्ग शांत होतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘गुलामांना तीन-पंचमांश मत होतं’ हे उत्तर. त्यांना मत नव्हतंच. पूर्ण मोजणी हवी होती ती दक्षिणेतल्या मालकांच्या राज्यांना, कारण वाढलेल्या जागांवर त्यांचेच प्रतिनिधी बसणार होते.