हात मोडला तर घर चालवणारा विमा असतो का?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, नाशिकला स्वतःचं एसी दुरुस्तीचं काम, मेडिक्लेम आहे, पण चार महिने घरी बसावं लागलं तर पगारासारखे पैसे देणारा विमा भारतात आहे का. मी सांगलीत फर्निचरचं काम करतो. हा प्रश्न माझ्यावर एकदा नाही, दोनदा गुदरलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

असा विमा आहे, पण अर्धाच. वैयक्तिक अपघात विमा (पर्सनल अ‍ॅक्सिडेंट) घेतलात की त्यात ‘तात्पुरतं संपूर्ण अपंगत्व’ नावाचं एक कलम असतं. एजंट त्याला टीटीडी म्हणतात. अपघातामुळे काम पूर्ण बंद पडलं, तर दर आठवड्याला ठरलेली रक्कम मिळते. बहुतेक पॉलिसींत ती विमा रकमेच्या १ टक्का असते आणि कमाल साधारण १०० आठवडे मिळते. काही कंपन्या आठवड्याच्या रकमेवर वेगळी मर्यादाही घालतात. हे कलम आपोआप येईलच असं नाही, पुष्कळदा वेगळे पैसे भरून जोडावं लागतं. तेवढं विचारल्याशिवाय सही करू नका.

माझी पॉलिसी ५ लाखांची होती, म्हणजे आठवड्याला ५,००० रुपये. शिडीवरून पडून उजवं मनगट मोडलं, ११ आठवडे रंधा हातात धरता आला नाही. पैसे मिळाले ६ आठवड्यांचे. कारण सहाव्या आठवड्यात प्लास्टर काढताना डॉक्टरांनी चांगल्या मनानं लिहिलं, ‘हलकं काम करायला हरकत नाही’. कंपनीनं त्याच ओळीवर बोट ठेवलं : हलकं काम जमतं, म्हणजे अपंगत्व ‘संपूर्ण’ राहिलं नाही. सुताराचं हलकं काम कुठलं असतं, हे त्या कागदावर कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा की तुमचं काम शिडीवर चढून, वजन उचलून करायचं आहे. सर्टिफिकेटवर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ‘स्वतःच्या व्यवसायाचं काम करण्यास असमर्थ’ हे स्पष्ट लिहून घ्या. एक्स-रे आणि केसपेपर जपून ठेवा. गाडीवरचा अपघात असेल तर पोलिसांत नोंद करा.

आणि उत्पन्नाचा पुरावा. किती रकमेचा विमा मिळणार हे तुमच्या कमाईवर ठरतं. रोखीत धंदा करणाऱ्या आपल्यासारख्यांचं इथेच अडतं. रिटर्न नीट भरायला लागा, टॅक्स शून्य येत असला तरी.

आता दुसरी अर्धी बाजू, जी मला काविळीनं शिकवली. पुढच्याच वर्षी दोन महिने अंथरुणात गेले आणि त्या पॉलिसीतून एक रुपया आला नाही. आजारपण म्हणजे अपघात नव्हे. क्रिटिकल इलनेस पॉलिसी कॅन्सर, हार्ट अटॅक, पक्षाघात अशा ठरलेल्या यादीतल्या आजारांना एकरकमी पैसे देते, आणि पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचे साधारण ९० दिवस तेही नाही. कावीळ, टायफॉइड, पाठीची गादी सरकणं यांना त्या यादीत जागा नाही. ब्रिटनमध्ये साध्या आजारपणातही दरमहा पैसे देणारा विमा एकटा माणूस घेऊ शकतो. आपल्याकडे तसा सहजासहजी मिळत नाही.

मला याचं फार वाईट वाटतं, कारण नोकरदाराला ही सोय आहे. माझ्या मदतनिसाचा भाऊ कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे. त्याचा पगार २१,००० च्या आत, म्हणून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जातो, पगाराच्या ०.७५ टक्के. तो आजारी पडला की वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते, कामावर इजा झाली तर ९० टक्के. स्वतःचा धंदा करणाऱ्याला त्यात जागा नाही. ही योजना १९४८ च्या कायद्यानं सुरू झाली, इतक्या वर्षांत आपली आठवण व्हायला हवी होती.

बँकेतला २० रुपयांचा सुरक्षा विमा (पीएमएसबीवाय) जरूर घ्या, पण तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. हाड मोडलं तर त्यातून काही मिळत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर टीटीडीसकट अपघात विमा आधी घेतला असता. आजारपणासाठी तीन महिन्यांचा घरखर्च आरडीत वेगळा साठवला असता. मी आता तेच करतोय, दर महिन्याला ४,००० टाकून, आणि त्याला हात लावायचा नाही असं बायकोला सांगून ठेवलंय.

फॉर्म भरताना व्यवसायाच्या रकान्यात एजंटला नुसतं ‘बिझनेस’ लिहू देऊ नका. ‘एसी मेकॅनिक, उंचीवर काम’ असं लिहायला लावा. हप्ता थोडा वाढेल, पण चौथ्या मजल्यावरच्या आउटडोअर युनिटजवळ पाय घसरला तर क्लेम उघडून आधी तोच रकाना वाचतात.