वरच्या फ्लॅटचा त्रास: कौन्सिल 'डायरी लिहा' का म्हणते?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: लंडनमध्ये एक्स-कौन्सिल (पूर्वी कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या मालकीचा असलेला) फ्लॅट घेतलात. वर कौन्सिलचा भाडेकरू गेल्या हिवाळ्यात आला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दणदणाट, जिन्यात गांजा ओढणारं टोळकं आणि हाउसिंग ऑफिसरचं (कौन्सिलच्या घरांचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याचं) एकच पालुपद, 'डायरी लिहा'. 'सरळ हाकलत का नाहीत?' हा तुमचा प्रश्न.

हाकलणं कौन्सिलच्या हातात नाहीच. सिक्युअर टेनन्सी (कायद्याने पक्कं संरक्षण असलेली कौन्सिलची भाडेदारी) असलेल्या भाडेकरूला काढायला कोर्टाचा आदेश लागतो. 1985 च्या हाउसिंग ॲक्टमधल्या ग्राउंड 2 (घर परत घेण्याच्या कारणांपैकी एक) खाली उपद्रव सिद्ध झाला, तरी त्याला घराबाहेर काढणं वाजवी आहे का, हे पुन्हा न्यायाधीश बघतो. घरात लहान मुलं आहेत का, तो मानसिक आजारी आहे का, आधी सौम्य उपाय करून पाहिले का, असं सगळं विचारलं जातं. समज देणारं पत्र, मध्यस्थी, 'यापुढे असं वागणार नाही' असा लेखी करार हे आपल्याला वेळकाढूपणा वाटतात. खरं तर ती सगळी त्या न्यायाधीशापुढे ठेवायची तयारी असते.

डायरीही त्याचसाठी. 'रोज रात्री गोंधळ' असं लिहू नका, त्याचा काडीचा उपयोग नाही. तारीख, सुरू आणि बंद झाल्याची वेळ, तुम्ही कुठल्या खोलीत होतात, काय ऐकू आलं, मूल जागं झालं का, एवढं त्याच दिवशी लिहा. आमच्या इस्टेटच्या (कौन्सिल वसाहतीच्या) रहिवासी संघटनेत मी बरीच वर्षं आहे. आपली माणसं 'कशाला वाकडं घ्यायचं' म्हणून महिनोन्महिने गप्प बसतात आणि मग एके दिवशी चार पानी संतप्त ईमेल पाठवतात. ऑफिसरच्या फाइलमध्ये ती एकच तक्रार धरली जाते.

नाव उघड व्हायची भीती असेल तर स्पष्ट सांगा. हे दावे दिवाणी असल्याने ऐकीव पुरावा चालतो. साक्षीदाराचं नाव न देता ऑफिसर स्वतःच्या जबाबात माहिती मांडू शकतो. त्याचं वजन कमी पडतं, इतकंच. मात्र वरच्यांच्या दाराकडे मोबाइल रोखून व्हिडिओ काढत बसू नका, उलट तुमच्यावरच छळाची तक्रार येईल.

आवाज कसला आहे यावरही बरंच ठरतं. चालणं, मुलांचं पळणं, फ्लशचा आवाज, फोडणीचा वास यात कौन्सिल काही करणार नाही. लंडनमधल्या साउथवॉर्क कौन्सिलच्या भाडेकरूंनी पातळ भिंती-जमिनींबद्दल केलेला दावा 1999 साली हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत) गेला आणि ते हरले. रोजच्या जगण्याचा आवाज हा उपद्रव नव्हे, असं ठरलं. रात्री दोनचं म्युझिक मात्र वेगळं. त्यासाठी हाउसिंगखेरीज कौन्सिलच्याच नॉइज टीमकडे वेगळी तक्रार करा. त्यांची खात्री पटली तर 1990 च्या पर्यावरण कायद्याखाली अबेटमेंट नोटीस (उपद्रव थांबवण्याचा लेखी हुकूम) निघते, आणि ती मोडणं हा गुन्हा आहे. त्यात शिक्षा झाली की समाजविघातक वर्तनाबद्दलच्या 2014 च्या कायद्याने आणलेलं 'ॲब्सोल्यूट ग्राउंड' (ताबा मिळवण्याचं सक्तीचं कारण) वापरता येतं. तिथे वाजवीपणाचा वाद बराचसा संपतो.

गांजाचं 101 वर (पोलिसांचा तातडीचा नसलेला नंबर) कळवत राहा आणि प्रत्येक वेळी रेफरन्स नंबर घ्या. फ्लॅटमधून विक्री चालत असेल तर क्लोजर ऑर्डर (घर बंद करण्याचा कोर्टाचा आदेश) हा सगळ्यात जलद उपाय. मॅजिस्ट्रेट कोर्ट घर तीन महिन्यांपर्यंत बंद करू शकतं, आणि मुदतवाढ धरून एकूण सहा महिने.

तरीही कोणी हलत नसेल तर 'एएसबी केस रिव्ह्यू' (एएसबी म्हणजे समाजविघातक वर्तन; त्याच्या तक्रारींचा फेरआढावा) मागा. 2007 साली लेस्टरशायरमध्ये फिओना पिल्किंग्टन यांनी वर्षानुवर्षांच्या छळानंतर मुलीसह जीवन संपवलं. पोलीस आणि कौन्सिलांवर त्यावरून कडक टीका झाली, आणि पुढे 2014 च्या कायद्यात ही तरतूद आली. साधारणपणे सहा महिन्यांत तीन तक्रारी असल्या की पोलीस, कौन्सिल आणि आरोग्य यंत्रणेला एकत्र बसून प्रकरण तपासावं लागतं. प्रत्येक तक्रार घटनेपासून महिन्याच्या आत केलेली हवी. तीन प्रसंग आणि एकच ईमेल असं चालणार नाही. कौन्सिलच्या ढिलाईबद्दलची औपचारिक तक्रार हा वेगळा रस्ता. ती दोन टप्प्यांची असते, त्यानंतर हाउसिंग ओम्बड्समन (घरांच्या तक्रारी बघणारा स्वतंत्र लोकपाल). लीजहोल्डर (इमारत कौन्सिलची, फ्लॅट दीर्घ मुदतीच्या लीजवर तुमचा) म्हणून तो मार्ग तुम्हालाही खुला आहे.

एक कटू बाब. फ्लॅट विकायचा विचार असेल तर टीए6 फॉर्मवर (विकणाऱ्याने घराची माहिती भरून द्यायचा फॉर्म) शेजाऱ्यांशी झालेले वाद आणि तक्रारी विचारतात, आणि लपवलं तर खरेदीदार तुमच्यावर दावा लावू शकतो. तरी माझं मत तक्रार कराच असं आहे, कारण वरचा माणूस नवा आहे. नव्या भाडेकरूला बऱ्याच कौन्सिल पहिले बारा महिने 'इंट्रोडक्टरी' (परीक्षेच्या काळाची) टेनन्सी देतात आणि ती आणखी सहा महिने वाढवता येते. त्या काळात नोटिशीची प्रक्रिया नीट पाळली असेल तर कोर्टाला ताबा बहुतेक द्यावाच लागतो. तो दुसऱ्या कौन्सिल फ्लॅटमधून बदली होऊन आला असेल तर हे लागू नसेल. ऑफिसर त्याची माहिती तुम्हाला सांगणार नाही, पण 'इंट्रोडक्टरी असेल तर मुदत संपण्याआधी वाढवण्याचा विचार व्हावा' असं एक वाक्य आजच्या ईमेलमध्ये टाकून ठेवा.