अमेरिकेतला लिबरलिझम, म्हणजे सरकारने कामगार-गरिबांच्या मागे उभं राहायचं हे डेमोक्रॅटिक पक्षाचं राजकारण, एवढा जोरात होता, मग ढासळला कसा? रिपब्लिकन अध्यक्ष रेगनमुळेच ना?

रेगनमुळेच असं मला नाही वाटत. ते 1980 ला जिंकले, पण तडे त्याच्या बरेच आधी गेले होते.

1933 ला डेमोक्रॅट रूझवेल्ट अध्यक्ष म्हणून आले तेव्हा चारातला एक कामगार बेकार होता. 1935 ला सोशल सिक्युरिटीची पेन्शन आली हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच वर्षी वॅगनर कायद्याने युनियन करायचा हक्क दिला ते लोक विसरतात आणि खरी ताकद तिथेच होती, कारण युनियनमुळे पगार तर वाढलेच पण निवडणुकीत दारोदार फिरणारी माणसं पण तिथूनच यायची. 1950 च्या दशकात जवळपास एक तृतीयांश कामगार युनियनमध्ये होते, आज दहातला एक!

गोम अशी की दक्षिणेतले वर्णभेदवाले गोरे पण याच डेमोक्रॅटिक पक्षात होते. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना 1935 च्या पेन्शनमधून वगळलं होतं, म्हणजे काळे कामगार बहुतेक बाहेरच राहिले. याच पक्षाचे अध्यक्ष जॉन्सन यांनी 1964 ला नागरी हक्कांचा आणि 1965 ला मतदानाचा कायदा केला, जे करायलाच हवं होतं, पण दक्षिण हातातून जायला लागली. त्यात व्हिएतनामचं युद्ध. 1964 ला 44 राज्यं जिंकणारा पक्ष 1968 ला हरला, 1972 ला तर एकच राज्य मिळालं.

मी मिशिगनमध्ये राहतो, शेजारच्या मॅकम काउंटीत गाड्यांच्या कारखान्यांतले कामगार भरपूर. तिथे 1960 ला डेमोक्रॅट केनेडींना 63 टक्के मतं होती, 1984 ला रेगनना 66. मधल्या काळात महागाई, कारखान्यांतली कपात, आणि काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र शिकवायला बसने दुसऱ्या भागातल्या शाळेत न्यायचं यावरून पेटलेला वाद, हे सगळं झालं. वर्णद्वेष होताच, तो नाकारू नये, पण "आपल्याकडे कोणी बघत नाही" ही भावनाही खरी होती.

आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते 1993 चं. नाफ्ता कराराविरुद्ध (अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोतला मुक्त व्यापार; कारखाने मेक्सिकोला जातील ही कामगारांची भीती) हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, लढा दिला तो मॅकमच्याच डेव्हिड बोनियर यांनी, 156 डेमोक्रॅट विरोधात गेले, बाजूने फक्त 102. तरी डेमोक्रॅट अध्यक्ष क्लिंटननी रिपब्लिकन मतांच्या जोरावर तो पास करून घेतला. कामगाराच्या पक्षाचा अध्यक्ष कामगाराच्या विरोधात उभा राहिला, मग त्या कामगाराने मत कोणाला द्यायचं?