राउटर टेबलवर फळी सुटते ती हात हलका असतो म्हणून नव्हे

तुम्ही विचारलंय की सामायिक वर्कशॉपमध्ये राउटर टेबल (लाकडात खाचा पाडायचं, कडा कापायचं मशीन, ज्याचा फिरता बिट टेबलातून वर येतो) एकट्याने वापरायला किती दिवसांचा सराव लागेल आणि सुरुवातीला कोणते बिट, म्हणजे कापायची पाती, घ्यावेत. वर असंही लिहिलंय की दाखवणारे म्हणाले, "लाकूड घट्ट धरायचं, बाकी काही नाही." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

गॉगल, कानांना मफ, बांधलेले केस, हातमोजे अजिबात नाहीत, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरते.

मी हत्यारांच्या पेटीसाठी साठ सेंटिमीटरच्या बाजूच्या फळ्या करत होते. तळ बसवायला लांबीभर १४ मिमी रुंद खाच हवी होती आणि डब्यात सरळ बिट १२ मिमीचाच होता. दोन-तीन हातांत ८ मिमी खोल खाच सुरेख निघाली. आता रुंदीचे उरले २ मिमी. मी फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची सरळ पट्टी, २ मिमी बिटच्या जवळ सरकवली, घट्ट केली, मशीन चालू केलं आणि नेहमीसारखी फळी उजवीकडून डावीकडे ढकलली.

फळी मी ढकललीच नाही म्हणा. ती गेली. डावीकडे तीन-साडेतीन मीटरवर रंध्याचं मशीन आहे, त्याच्या पायावर आपटली. मिनिटभर आधी तिथे एक जण वाकून भुशाची पिशवी बदलत होता. पण खरी धडकी भरली ती माझ्या उजव्या हातामुळे. ज्या फळीवर जोर देत होते तीच नाहीशी झाल्यावर हात तसाच पुढे झेपावला आणि फिरत्या बिटपासून दोन बोटांवर थांबला. फळी ढकलायचा ठोकळा, पुश ब्लॉक, कुठे होता? खुंटीला.

मशीन बंद केलं. सगळे जमले. तिथले सर्वांत जुने सदस्य, ज्यांना सगळे काका म्हणतात, फळी उचलून आले आणि चारचौघांत म्हणाले, "ताईंचा हात हलका पडतो. हे मशीन जोराचं काम आहे." दोघांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून मी टेबलाजवळ गेले की कोणी ना कोणी "धरू का?" विचारायचं.

आता हिशोब बघा. मिनिटाला २०,००० फेऱ्यांवर १२ मिमीच्या बिटची धार सेकंदाला साधारण १२.५ मीटर धावते. तिने लाकूड पकडून ओढायचं ठरवलं तर कोणाच्याही मनगटाने ते थांबत नाही, काकांच्याही नाही. प्रश्न धार लाकूड ओढते की अडवते एवढाच असतो. टेबलवर राउटर उलटा टांगलेला असतो, त्यामुळे वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या उलट फिरतो. म्हणजे तुमच्याकडची त्याची बाजू डावीकडून उजवीकडे जाते आणि फेन्सकडची उजवीकडून डावीकडे. लाकूड उजवीकडून येतं, म्हणून कापायचं काम तुमच्याकडच्या बाजूने व्हायला हवं. तिथे धार लाकडाला परत ढकलते आणि ताबा तुमच्याकडे राहतो. मी फेन्स बिटच्या जवळ आणली तेव्हा खाचेची फेन्सकडची भिंत कापली जायला लागली आणि मी फळी ढकलत होते त्याच दिशेने धार धावत होती. खाच रुंद करायची तर फेन्स बिटपासून लांब न्यायची. बस्स. फेन्स आणि बिट यांच्या फटीतून बारीक पट्टी घालू नका म्हणतात, त्यामागेही हेच कारण आहे, शिवाय तिथे पट्टी अडकते ती वेगळीच.

तर सरावाचे दिवस मोजू नका. खडूने बिटचा गोल काढा, फिरण्याचा बाण काढा, आणि पुढचा प्रत्येक कट कोणत्या बाजूने होणार हे मशीन चालू करण्याआधी बोट ठेवून सांगता येतं का बघा. येत नसेल तर वर्ष झालं तरी एकट्याने नको.

सामायिक जागेत आणखी एक भानगड असते, आधीचा माणूस. प्लग काढूनच सुरुवात करा. बिट पकडणारी चिमटी, म्हणजे कॉलेट, तपासा. ६ मिमी आणि पाव इंची म्हणजे ६.३५ मिमीचं कॉलेट शेजारी ठेवलं तर डोळ्यांना सारखंच दिसतं, १२ मिमी आणि अर्ध्या इंचाचंही तसंच. चुकीच्या कॉलेटमध्ये शँक, म्हणजे बिटचा दांडा, बसल्यासारखा वाटतो आणि चालू मशीनमध्ये सरकतो. शँक तळाला टेकवून मग दोन-तीन मिमी वर घ्यायचा, नाहीतर आवळताना घट्ट लागतं पण पकड येत नाही. फेन्सचे दोन्ही स्क्रू स्वतः आवळा. बिट हाताने एक फेरा फिरवून बघा, कुठे घासत नाही ना. वेगाचं बटण तर हमखास शेवटच्या आकड्यावर असतं. ८० मिमीचा बिट २२,००० फेऱ्यांवर गेला तर त्याची कड सेकंदाला ९० मीटरच्या वर पळते. एवढ्या मोठ्या बिटला १२,००० च्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि पाकिटावर जो आकडा असेल तो शेवटचा. काम झालं की बिट काढून ठेवा, बटण खाली आणा. यावरून आमच्याकडे भांडणं झाली आहेत. "जो चालवतो त्याने बघावं" हे मला मान्य आहे, पण म्हणून दुसऱ्यासाठी सापळा लावून जायचं?

आणि हो, टेबलच्या डावीकडे कोणाला उभं राहू देऊ नका.

न्यायाने बोलायचं तर चूक माझीच होती. फेन्स मीच सरकवली, पुश ब्लॉकही मीच घेतला नाही. शिवाय मुरलेले लोक तंतू उखडू नयेत म्हणून कधी मुद्दाम उलट्या दिशेने अगदी पातळ कट घेतात, ते मी नाकारत नाही. पण त्यांना आपण काय करतोय ते माहीत असतं. हातात धरून राउटर चालवताना दिशा बदलते हेही लक्षात ठेवा.

पुढे मी टेबलवर लाल रंगाने दिशेचा बाण काढला. तो दोनदा पुसला गेला, कोणी ते मला ठाऊक आहे. मग सागाच्या पट्टीवर बाण कोरून ती फेन्सला चार स्क्रूंनी ठोकली. काका अजून म्हणतात, "हात घट्ट पाहिजे." म्हणू देत. हल्ली फेन्स सरकवण्याआधी तेही पट्टीकडे बघतात.

बिटचं राहिलंच. एक १२ मिमीचा सरळ, एक बेअरिंगवाला लहान राउंडओव्हर, म्हणजे कड गोल करणारा. दोन्ही स्वतःचे घ्या, डब्यातले नको. दारांच्या पॅनेलच्या कडा कापायचा मोठा बिट वर्षभर तरी नकोच.