माचा घरी करताना आधी पाणी सांभाळा

माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या बारीक पावडरचा चहा, कडू झाला की लोक पावडरला नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा दोष उकळत्या पाण्याचा असतो. पाणी ७० ते ८० अंशांवर हवं. उकळलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून थोडं निवू दे. २ ग्रॅम पावडर आधी गाळून घे. हा टप्पा टाळलास तर गुठळ्या राहणारच. त्यावर ६०-७० मिली पाणी घालून बांबूच्या चासेननं (माचा घुसळायच्या छोट्या रवीनं) मनगट सैल ठेवून झरझर पुढे-मागे घुसळ, गोल ढवळू नकोस. लाटे हवं असेल तर दूध नंतर.

केक-कुकीजसाठी महागडी पावडर वापरू नकोस, साखर-लोण्यात तिची नाजूक चव हरवते (मला तर ती उधळपट्टीच वाटते). भट्टीत हिरवा रंग तपकिरीकडे झुकतो, म्हणून वरून जास्त भाजू नकोस. डबा घट्ट बंद करून उजेडापासून लांब ठेव. आणि रात्री पिऊ नकोस, कॅफिन असतं.