मत नको, तारीख माग

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा संताप वाचला, दुसऱ्यांदा प्रश्नाचा मसुदा. संतापाबद्दल माझी तक्रार नाही. तो नसता तर खासदाराच्या कचेरीत इतक्या तुटपुंज्या मानधनावर तू रात्री अकरापर्यंत बसली नसतीस. मसुद्याबद्दल मात्र बोलायचं आहे आणि गोड बोलणार नाही.

तू लिहिलंस, 'पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडलेल्या भारतीय मच्छीमारांच्या मानवी हक्कांची राजरोस पायमल्ली होत असताना सरकार गप्प का?' सचिवालयाने तो नामंजूर केला आणि तू निष्कर्ष काढलास की हा विषय सभागृहात येऊच द्यायचा नाही, असं वरून ठरलंय. लोकसभेच्या कामकाज नियमांतला नियम ४१ उघड आणि शांतपणे वाच. प्रश्नात युक्तिवाद नको, अनुमान नको, उपरोध नको, आरोप नको, विशेषणं नकोत. सरकारचं मत विचारायचं नाही. मित्रराष्ट्राबद्दल अनादराने लिहायचं नाही. तुझ्या एका ओळीत 'खितपत' आहे, 'राजरोस' आहे, 'पायमल्ली' आहे, 'गप्प' आहे. ज्या अधिकाऱ्याने ती बाजूला ठेवली त्याच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं.

तुझा दुसरा प्रश्न अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा, म्हणून लागला आणि उत्तर आलं की मच्छीमारांचं कल्याण आणि सुरक्षा यांना सरकार सर्वोच्च प्राधान्य देतं. 'काका, याला काय उत्तर म्हणायचं?' असं तू विचारतेस. पण तू विचारलं होतंस काय? 'सरकारने कोणती पावले उचलली?' पावलं विचारलीस, पावलं मिळाली. दूतावासाने विषय वेळोवेळी मांडला, पाठपुरावा सुरू आहे. यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि एकाही वाक्याला धरून पुढे जाता येत नाही. म्हणून सांगतो, आणि या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. मत मागू नकोस, तारीख माग.

मी एवढा हट्ट का धरतो ते सांगतो. परराष्ट्र व्यवहारात आपल्या खासदाराच्या हाती फार थोडं असतं. अमेरिकेत तहाला सिनेटची दोन तृतीयांश संमती लागते. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यापासून करार पक्का करण्याआधी तो २१ बैठकीचे दिवस पार्लमेंटपुढे ठेवावा लागतो. आपल्याकडे करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद २५३ ने संसदेला दिलाय, पण सही करायची की नाही, केव्हा, कशाच्या बदल्यात, हे सरकारच ठरवतं. परराष्ट्र व्यवहारांची संसदीय स्थायी समिती आहे, तिच्यापुढे सचिवांना यावं लागतं, पण बैठका बंद दाराआड. उघड्यावर, नावानिशी, छापील नोंद राहील असं हत्यार एकच, प्रश्न. ते तू भाषणासाठी वापरायला निघालीस म्हणून मला राग आला.

१९५९ आठव. अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढल्याचं पंडित नेहरूंनी ऑगस्टअखेर लोकसभेत सांगितलं. सप्टेंबरात श्वेतपत्रिका आली, १९५४ पासूनची दोन्ही सरकारांची पत्रं, टिपणं, खलिते एका पुस्तकात. तिच्यात होतं की या रस्त्याबद्दल भारताने चीनकडे निषेध नोंदवला तो १८ ऑक्टोबर १९५८ रोजी. म्हणजे सरकारला ठाऊक होतं आणि देशाला जवळजवळ वर्षभर सांगितलेलं नव्हतं. नेहरूंची बाजू घेणारे आणि त्यांच्यावर तुटून पडणारे दोघेही आजतागायत त्या दोन तारखांपासूनच बोलायला सुरुवात करतात. त्या सभागृहात आपल्या राजापूरचे नाथ पै बसत होते. त्यांच्या वक्तृत्वाच्या आठवणी कोकणात अजून निघतात आणि निघाव्यात. पण वक्तृत्वाला धार येते ती कागदामुळे, आणि कागद आधी मागावा लागतो.

आता तुझ्या मच्छीमारांकडे येऊ. हा विषय तुझ्याइतकाच माझाही आहे. डहाणू-तलासरीकडची आदिवासी पोरं खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात, ओख्याहून, पोरबंदरहून. कच्छजवळच्या सर क्रीक खाडीच्या तोंडाशी सागरी हद्द कुठून जाते यावर दोन्ही देशांचं अजून एकमत नाही. मासळीमागे बोट पुढे जाते आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा ती ओढून कराचीला नेते. घरी कळतं ते बऱ्याचदा दुसऱ्या बोटीवरच्या कुणाच्या फोनवरून. डहाणू तालुक्यातल्या अशाच एका घरी मी गेलो होतो. आमच्या खासदारांनी सभागृहात केलेल्या भाषणाची छापील प्रत मी सोबत नेली होती. त्या बाईंनी ती हातात घेतली, मुलाकडून दोन ओळी वाचून घेतल्या आणि मला विचारलं, "यांना पकडलं तो दिवस सरकारकडे लिहिलेला आहे ना? सुटकेचा महिना त्यावरूनच धरणार ना?" मी त्यानंतर भाषणं लिहून देणं जवळजवळ सोडलं.

त्यांचा सवाल नेमका होता, कारण उत्तर करारात आहे. २१ मे २००८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी कैद्यांबाबत करार केला. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या नागरिकांच्या याद्या द्यायच्या. अटकेनंतर तीन महिन्यांत त्या देशाच्या अधिकाऱ्यांना कैद्याला भेटू द्यायचं. राष्ट्रीयत्व पक्कं झालं आणि शिक्षा संपली की महिन्याभरात घरी पाठवायचं. १ जानेवारी २०२५ ला पाकिस्तानने दिलेल्या यादीत २१७ मच्छीमार आणि ४९ इतर कैदी होते, भारतीय किंवा भारतीय असावेत असे. त्याच दिवशी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने, शिक्षा पुरी केलेल्या १८३ जणांना लवकर सोडा, अशी मागणी केली. एका बाजूला करारातला एक महिना, दुसऱ्या बाजूला शिक्षा भोगून आतच असलेली १८३ माणसं. तुझ्या 'पायमल्ली'पेक्षा हे दोन आकडे जड आहेत आणि ते कुणी नामंजूर करू शकत नाही.

म्हणून मसुदा असा कर. परराष्ट्र मंत्री पुढील गोष्टी सांगतील काय: (क) आजमितीस पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या भारतीय मच्छीमारांची राज्यवार व जिल्हावार संख्या, अटकेच्या वर्षासह, (ख) त्यांपैकी किती जणांना २००८ च्या करारातील तीन महिन्यांच्या मुदतीत भारतीय अधिकारी भेटू शकले, (ग) शिक्षा संपून व राष्ट्रीयत्व निश्चित होऊनही परत न आलेल्यांची संख्या आणि त्यांच्या शिक्षा संपल्याच्या तारखा, (घ) गेल्या पाच वर्षांत कोठडीत मरण पावलेल्यांबाबत मृत्यूची, भारताला कळवल्याची आणि पार्थिव मिळाल्याची तारीख, (ङ) दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांच्या समितीने तुरुंगांना शेवटची भेट केव्हा दिली आणि त्यानंतर भारताने कोणकोणत्या तारखांना पुढील भेटीचा प्रस्ताव पाठवला?

दीडशे शब्दांच्या मर्यादेत हे आरामात बसतं. यात पाकिस्तानबद्दल एक वावगा शब्द नाही, सरकारवर एक आरोप नाही. (ङ) चं पहिलं अर्ध उत्तर तुला आधीच माहीत असायला हवं. शेवटची भेट ऑक्टोबर २०१३ ची आहे. ते सभागृहात पुन्हा एकदा छापून यावं म्हणून विचारायचं आणि त्याला जोडून त्यानंतरच्या तारखा मागायच्या. (घ) मध्ये तीन तारखा मागितल्यात त्या मुद्दाम. डहाणूच्याच एका मच्छीमाराचा २०२४ च्या मार्चमध्ये कराचीत मृत्यू झाला आणि देह गावी पोचायला कित्येक आठवडे लागले. त्या आठवड्यांत फाइल कुठे होती, हे फक्त तारखाच सांगू शकतात.

आखाती देशांतल्या कामगारांबद्दल विचारतानाही हेच. तिथल्या सरकारच्या वागण्यावर प्रश्न लिहिलास तर मित्रराष्ट्राचा नियम आड येईल, आणि यायलाच हवा, कारण आपला मंत्री परक्या सरकारचा जबाब देऊ शकत नाही. त्याच्या अखत्यारीत दूतावास आहे. किती तक्रारी आल्या, कितींवर पत्र गेलं, कोणत्या तारखेला गेलं, किती मृतदेह किती दिवसांनी आले. तारीख माग.

तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचा, प्रश्न सोडतीत वर लागला तर सदस्याला साधारणपणे दोन पूरक प्रश्न मिळतात. लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न वीस असतात, तोंडी उत्तरापर्यंत पोचतात ते थोडेच. तेव्हा पूरक प्रश्न आदल्या रात्री नव्हे, मसुद्याबरोबरच लिहून ठेव. मागच्या अधिवेशनातल्या उत्तराची प्रत खासदारांच्या हातात दे, हव्या त्या ओळीखाली रेघ मारून. मंत्र्याजवळच्या फाइलमध्ये अधिकाऱ्यांनी संभाव्य पूरक प्रश्नांची उत्तरं लावलेली असतात. सात्त्विक संतापाची तयारी त्यांनी केलेली असते. मागच्या वेळी तुम्ही १४ सांगितलेत, आता ११ सांगता, मधले तीन कुठे गेले, याची तयारी बहुधा नसते.

आणि 'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल' असं उत्तर आलं तर रडत बसू नकोस. ते आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, नाही केलं तर शासकीय आश्वासन समिती जाब विचारते. मंत्रालयं आश्वासन वगळण्याची विनंती करतात, तेही नोंदीत येतं. तू त्या दिवशीची तारीख डायरीत लिहून ठेव. तीन महिने झाले की समितीला पत्र.

माझी जी ठसठस आहे ती छळविरोधी कराराबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या या करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. तो अजून पक्का केलेला नाही. मे २०१० मध्ये लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केलं, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे दिलं, समितीने त्याच वर्षी अहवाल दिला आणि २०१४ मध्ये पंधरावी लोकसभा संपली तसं विधेयकही संपलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात पुन्हा तीच शिफारस केली. हा घरगुती प्रश्न वाटतो, पण तो नाही. पुरुलियात १९९५ साली विमानातून शस्त्रं टाकली गेली, त्या प्रकरणातला आरोपी डेन्मार्कने आपल्या ताब्यात द्यावा म्हणून आपण वर्षानुवर्षं झगडलो. २०११ मध्ये तिथल्या न्यायालयाने नकार दिला, कारण भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे असं त्याला वाटलं. पोलीस ठाण्यातल्या पट्ट्याचा संबंध परराष्ट्र धोरणाशी असा असतो.

यावर मी एकाहून अधिक खासदारांना मसुदे करून दिले. कोणत्या राज्याला मत विचारणारं पत्र केव्हा गेलं, कोणाचं उत्तर केव्हा आलं, कोणाला कितीदा स्मरणपत्र गेलं. दर वेळी वरून काट मारली जायची आणि उरायचं 'सरकार हा करार मंजूर करणार आहे काय?' उत्तर 'विचाराधीन.' काट मारणारी माणसं वाईट नव्हती. त्यांना मतदारसंघात दाखवायला मोठा प्रश्न हवा होता, राज्यांची यादी नको होती. पण त्या याद्या मिळाल्या असत्या तर 'विचाराधीन' या शब्दामागे नेमकं कोण बसलंय ते नावानिशी कळलं असतं. हे मी अजून विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

चळवळीतले माझे जुने सोबती मला कारकून म्हणत. 'लोक मोर्च्यात आणि तू टायपिंगमध्ये' असं तोंडावर म्हणायचे. तुझ्या पत्रातही तोच सूर आहे, नोकरी सोडून बाहेर पडावं, मोकळेपणी बोलावं. बाहेर बोलणारे हवेतच, त्यांच्यावाचून आत कुणी ढिम्म हलत नाही. पण ते बोलतात कशाच्या बळावर? सप्टेंबर २०२० चं अधिवेशन बघ. करोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त लेखी उत्तरं. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले, या अतारांकित प्रश्नावर १४ सप्टेंबरला श्रम मंत्रालयाने उत्तर दिलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. पुढे कित्येक दिवस देशभर त्या एका ओळीवर बोललं गेलं. ती ओळ कुणा मोर्च्याने मिळवली नाही. ती एका साध्या, विशेषण नसलेल्या प्रश्नाने मिळवली. मी आयुष्यभर जे केलं ते हे, आणि पुन्हा संधी मिळाली तर हेच करीन.

'नाही' हेही उत्तर असतं, हे तुझ्या खासदारांनाही समजावून सांग. (ख) ला 'अशी नोंद ठेवली जात नाही' असं आलं तर तो पराभव समजू नकोस. करारात मुदत आहे आणि मुदत मोजणारी वही नाही, असं सरकारने सही करून दिलेलं असेल. पुढचा प्रश्न तिथून सुरू होतो.

प्रश्नाची सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि एका दिवसासाठी पाचापेक्षा जास्त देता येत नाहीत, म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा उत्तरं देण्याचा वार बघून आजच उलटी मोजणी कर. मच्छीमारांच्या संस्थांकडून अटकेच्या तारखांची त्यांची यादी मागव, मंत्रालयाच्या आकड्याशी ताडून बघायला ती लागेल. (ग) आणि (घ) वर खासदारांनी काट मारली तर लगेच मान डोलावू नकोस. कारण विचार, आणि तरीही मारलीच तर तेवढे दोन भाग दुसऱ्या सदस्याच्या नावाने जातात का बघ. त्यासाठी कुणाला फोन करायचा ते मी सांगतो. मसुदा गुरुवारपर्यंत मला पाठव. त्यात एक जरी विशेषण दिसलं तरी परत येईल.

तुझा,
काका