शिवणघर : पँट तीच, पोटापुरती जागा

प्रश्न : ऑफिसला घालायच्या चार साध्या पँट्स आहेत. पाचवा महिना लागलाय, बटण लागत नाही. पोटाशी ताणाचं कापड लावून घरीच सोय करता येईल का? किती कापड लागेल? माझ्याकडे शिलाई मशीन आहे. (परभणी)

उत्तर : येईल, पण चारही पँट्सची नाही. आधी परीक्षा घ्या. पँट घालून बटण-चेन उघडी ठेवा आणि पाटावर बसता तशा खाली बसा. मांडीला कापड ताणत असेल, मागे आसन रुतत असेल, तर ती पँट बाजूला ठेवा. पोटाला पट्टी लावून मांडीची तंगी जात नाही, आणि पुढच्या महिन्यांत मांड्याही भरतात. उभं राहून मांडीवर चिमटीत इंचभर कापड धरता आलं तरच कात्री हातात घ्या. कापलेली पँट पुन्हा होती तशी होत नाही, म्हणून पहिला हात सगळ्यात जुन्या पँटवर चालवा.

कापड होजिअरीचं, म्हणजे टी-शर्टसारखं विणलेलं, सुती आणि लायक्रा (ताणणारा धागा) मिसळलेलं. दुकानातच आडव्यात चार इंच चिमटीत धरून ओढा. ते सहा इंचांपर्यंत गेलं पाहिजे आणि सोडल्यावर चारावर परत आलं पाहिजे. ताणतं पण परत येत नाही, असं कापड पंधरा दिवसांत पोटावर लोंबायला लागतं. एका पँटला पाऊण मीटर घ्या. लागतं अर्ध्या मीटरच्या आसपास, पण सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आक्रसते. धुऊन, वाळवून मगच कापायची. घरातल्या माणसाचा जुना पण ढिला न पडलेला टी-शर्ट असेल तर त्याचा बगलेखालचा भाग फारच सोयीचा.

आता खडूची रेघ. पँट घालून आरशासमोर उभ्या राहा. पोटाचा उतार जिथे संपतो तिथे, म्हणजे पँटच्या कमरपट्ट्याखाली चार ते पाच इंचांवर, पुढे मध्यावर खूण करा. बाजूच्या शिलाईवर पट्ट्याखाली दोन इंच, मागे दीड इंच. या खुणा गोलाईने जोडा. मग पँट काढा आणि टेप रेघेवर उभी धरून रेघेचा पूर्ण घेर मोजा. हे मोजमाप चुकवू नका, कारण सगळ्यात जास्त पँट्स इथेच वाया जातात. चेन शिवून बंद झाल्यावर पँट नितंबांवरून वर चढायची आहे. नितंबांचा घेर 40 इंच आणि रेघेचा 35 असेल, तर वरची पट्टी कितीही ताणू दे, खालचं न ताणणारं कापड चढूच देणार नाही. घेर नितंबांइतका भरत नसेल तर पुढची रेघ चेनच्या तळापर्यंत खाली घ्या. तरीही कमी पडला तर दोन्ही बाजूंची शिलाई रेघेपासून खाली चार इंच उसवा आणि त्याच होजिअरीची त्रिकोणी कळी बसवा. कळीचं वरचं तोंड दीड-दोन इंच, खाली निमुळती. कापडातच लायक्रा असेल तर दोन इंच कमी चालतात.

कापण्याआधी दोन कामं. खिशाची तोंडं रेघेखाली पाव इंचावर कच्च्या टाक्याने बंद करा, नाही तर वरचा आधार गेल्यावर खिसा आत लोंबतो. चेन लावून घ्या आणि चेनची पट्टी आरपार शिवून बंद करा. पण चेनचा रनर (वर-खाली सरकणारा भाग) वर असतो आणि रेघेवर कापलं की तो कापलेल्या भागासोबत जातो; मग दात उकलत खाली येतात. म्हणून रेघेच्या पाऊण इंच खाली दातांवरून हाताने आठ-दहा टाके एकाच जागी घट्ट घाला. चेन धातूची असेल तर शिलाई जिथून जाणार तिथले अर्धा इंचातले दात पकडीने उपटा. नाही उपटले तर सुई तुटते, आणि तुटलेलं टोक डोळ्याकडे उडतं.

कापताना रेघेच्या वर अर्धा इंच माया, म्हणजे शिलाईपुरतं जादा कापड, सोडा.

पट्टीचं माप : रेघेच्या घेराचा आठवा भाग कमी करा. घेर 40 असेल तर पट्टी 35, शिलाईला एक इंच धरून 36. उंची दुहेरी धरायची : तयार नऊ इंच हवी तर 19 इंच कापा. ताण आडवा, पोटाभोवती गेला पाहिजे. कापड वाचवायला उभं-आडवं फिरवलंत तर पट्टी पोटावर बसणारच नाही. नळी शिवा, आडव्यात दुमडा, घडी वर राहू द्या. कापड सहज परत येणारं असेल तर वर इलॅस्टिक नको. मऊ असेल तर घडीत इंचभर रुंदीचं इलॅस्टिक घाला, पण दोन इंचांचं तोंड न शिवता ठेवा. महिने जातील तसं ते ढिलं करावं लागतं.

जोडताना पँटच्या आणि पट्टीच्या घेराचे चार-चार भाग करून खुणा एकमेकींवर टाचा. सुलट बाजूला सुलट बाजू. शिवताना पट्टी वर ठेवा आणि फक्त तीच ओढा, खालची पँट सैल जाऊ द्या. दोन्ही ओढलं की शिलाईला लाटा येतात आणि त्या इस्त्रीनेही जात नाहीत.

प्रश्न : माझं मशीन जुनं, पायाने चालवायचं. फक्त सरळ टाका मारतं. इतरांनी सांगितलं की ताणाचं कापड त्याच्यावर शिवूच नये. (हदगाव, जि. नांदेड)

उत्तर : शिवता येतं, सवय बदलावी लागते. सुती दोरा काढून पॉलिएस्टरचा घाला, बॉबिनमध्येसुद्धा. सुई गोल टोकाची, 14 नंबरची. अणकुचीदार सुई होजिअरीचे फासे तोडते आणि टाका सुटत जातो. शिवताना कापड पुढून-मागून किंचित ताणून धरा आणि पाव इंच अंतराने दुसरी ओळ मारा. शिवून झाल्यावर जोड ओढून बघा : कट् असा आवाज आला तर दोरा तुटला, तो भाग उसवून पुन्हा. मायेची कड उसवू नये म्हणून गावातल्या पिको-फॉलच्या दुकानातून इंटरलॉक करून आणा. एवढ्या एका कामासाठी नवं मशीन घेऊ नका.

प्रश्न : बहिणीने पट्टी लावून दिली. दिवसभरात ती वरून गुंडाळत खाली येते. पोटाला खाजही सुटते. (जालना)

उत्तर : गुंडाळण्याची कारणं बहुधा तीन. पट्टी उंचीला कमी, म्हणजे पाच-सहा इंच, आणि पोटाच्या सगळ्यात फुगीर जागीच संपते. मग ती उतारावरून खाली घसरणारच. पट्टी पोटाच्या वर जाऊन संपली पाहिजे. दुसरं, वरचं इलॅस्टिक फार घट्ट. घट्ट कड मऊ जागा सोडून कमी घेराकडे सरकते. तिसरं, पँटच जड. जीन्सच्या वजनाला पातळ होजिअरी पेलत नाही, तिथे जाड रिब (उभ्या रेघांची, जास्त ताणणारी होजिअरी) लागतं. आधी इलॅस्टिक इंचभर ढिलं करा. तेवढ्याने भागलं नाही तर उंची वाढवण्यासाठी पट्टी नव्याने करावी लागेल.

खाज बहुतेक वेळा जोडाच्या मायेने. ती त्वचेला लागत असेल तर माया खाली पँटकडे वळवून हाताने अंतरा-अंतराने टाके घाला. आणि एप्रिल-मेमध्ये दुहेरी पट्टी म्हणजे पोटाला घामोळ्या. जालन्याच्या उन्हात एकेरीच बरी : उंची दहा इंच कापा, वर अर्धा इंच दुमडा. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही आणि होजिअरी खरखरीत होते. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा, सावलीत वाळवा. पुरळ उठलं आणि जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा, तो शिवणाचा प्रश्न नाही.

प्रश्न : वाळूजच्या कंपनीत काम करते. युनिफॉर्मची पँट कंपनीची, कापता येत नाही. दोन मापं मोठी मागून घेऊ का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दोन मापं मोठी घेतली तर पोटाला जागा मिळते, पण आसन खाली लोंबतं आणि पँट पायघोळ होऊन पायात येते. मशीनच्या आसपास ते नकोच. एक माप मोठी घ्या आणि न कापता जोडपट्टी लावा. पँटच्याच रंगाचं, दीड इंच रुंद, चार इंच लांब इलॅस्टिक घ्या. एका टोकाला पँटच्या काजात बसेल असं बटण शिवा, दुसऱ्या टोकाला कापडाचा छोटा फास. बटण काजात, फास पँटच्या बटणावर. चेन अर्धी उघडी राहते, म्हणून तिच्या मागे उलट्या त्रिकोणाचं कापड, वर पाच इंच रुंद, एका बाजूने हाताने टाचा. नंतर उसवलं तर खूणही राहत नाही.  वरून कमरेला टी-शर्टची नळी चढवा आणि शर्ट बाहेर सोडा. नाडी किंवा सुटं टोक कुठेही लोंबतं ठेवू नका.

हे सहाव्या महिन्यापर्यंत निभतं. पुढे पोट वाढलं की जोडपट्टी पोटाखाली रुतते. तोवर युनिफॉर्ममधून सूट किंवा वेगळ्या कपड्याची परवानगी लेखी मागून ठेवा.